हाऊस रूल लावायचा की पुस्तकाप्रमाणे खेळायचं? डीएम लोकांसाठी थोडी गाईड

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ; डीएम (डंजन मास्टर) तो चालवतो, बाकीचे प्लेयर एकेक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, खेळतात. हाऊस रूल म्हणजे पुस्तकात नसलेला, टेबलाने स्वतः ठरवलेला नियम. डी अँड डी चा नवा ग्रुप जमला की पहिल्या दोन-तीन सेशनमध्येच कुणीतरी म्हणतं "अरे पण पुस्तकात असं नाहीये" आणि दुसरा लगेच "आमच्या जुन्या टेबलवर तर असंच खेळायचो". मेंढीकोटासारखंच आहे हे, एका घरी बंद हुकूम, दुसऱ्या घरी कट हुकूम, आणि सुट्टीत सगळी चुलत-मामे भावंडं एकत्र आली की पहिला अर्धा तास भांडणात. फरक एवढाच की मेंढीकोटाचा डाव दहा मिनिटांत संपतो आणि डी अँड डी चं कॅम्पेन (एकच लांब कथा) वर्ष-दीड वर्ष चालतं, त्यामुळे इथला वाद लांबतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठून बोलतोय. प्लेयर लोकांना नियम बदलल्याचा राग फार क्वचित येतो. राग येतो तो आपला डाव चालू असताना बदलल्याचा, आणि बिल आपल्याच नावावर फाटल्याचा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर कुठलाही हाऊस रूल चालतो, अगदी वाह्यात असला तरी. नाही सांभाळल्या तर चांगल्यातला चांगला नियमही ग्रुप फोडतो.

आधी ठरवा पुस्तक कुठलं

हे इतकं साधं आहे की कुणी करतच नाही. पाचव्या एडिशनची पुस्तकं २०१४ ला आली, आणि सुधारलेलं प्लेयर्स हँडबुक आलं २०२४ मध्ये, त्याच वर्षी डीएम गाईड आणि २०२५ च्या सुरुवातीला मॉन्स्टर मॅन्युअल. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात आणि टेबलवर एकाकडे जुनं, दुसऱ्याकडे नवं, तिसऱ्याकडे मित्राने पाठवलेली कुठलीतरी पीडीएफ. मग हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला अ‍ॅक्शन लागते की बोनस अ‍ॅक्शन यावर (पहिली म्हणजे टर्नमधली मुख्य कृती, दुसरी वरची छोटी) वीस मिनिटं जातात, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. २०१४ मध्ये पोशन पिणं म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन. लोकांना ते पटायचं नाही कारण अख्खा टर्न घालवून सरासरी सातच हिट पॉइंट (कॅरेक्टरचा जीव मोजायचे गुण) मिळायचे, म्हणून अर्ध्या जगाने बोनस अ‍ॅक्शनचा हाऊस रूल लावला, आणि २०२४ मध्ये पुस्तकानेच तो उचलला. म्हणजे कालचा हाऊस रूल आज छापील नियम आहे.

तसंच स्पेलचं, म्हणजे मंत्रांचं. जुन्या पुस्तकात बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकला की त्या टर्नमध्ये दुसरा फक्त कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र) चालायचा, नव्यात एका टर्नला एकच स्पेल स्लॉट (मोठा मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्च करता येतो. अनेक टेबलांवर यातलं काहीच पाळलं जात नाही आणि कुणाला पत्ताही नसतो, त्याला हाऊस रूल म्हणायचं नाही, तो विसर आहे. तर ग्रुपवर एक मेसेज टाका, "आपण २०२४ खेळतोय" किंवा "२०१४", बास. पुस्तक विकत घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर एसआरडी (कंपनीचीच नियमांची फाइल) फुकट आहे, मूळ नियमांचा मोठा भाग त्यात मिळतो, २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुला आहे आणि नव्या नियमांचाही नंतर आला.

खेळ चालू असताना: निर्णय द्या, नियम करू नका

समजा पार्टी (प्लेयरच्या कॅरेक्टरांचा जथा) एका पडक्या गढीत आहे, खालून गॉब्लिन (छोटे राक्षस) वर येतायत, आणि तुमचा एक प्लेयर म्हणतो मी जिन्यावर तेलाची बाटली ओततो, घसरून पडतील साले. आता पुस्तकात तेल आहे. सपाट जमिनीवर ओतलं तर पाच फूट चौकोन झाकतं, पेटवलं तर दोन राउंड जळतं आणि त्यात येणाऱ्याला ५ फायर डॅमेज देतं. घसरण्याबद्दल काही नाही, आणि जिना तर सपाटही नाही. कट्टर पुस्तकवाला इथे "नाही होणार" म्हणेल आणि खेळाचा सगळा मजा घालवेल. दुसऱ्या टोकाचा डीएम "वा! सगळे पडले, मान मोडली" म्हणेल.

मधला रस्ता असा. पुस्तकात याच्या सगळ्यात जवळचं काय आहे ते शोधा. त्याच सामानाच्या यादीत छर्ऱ्यांची पिशवी आहे, बॉल बेअरिंग्ज, हजार गोळ्या. त्यावरून पळत जाणाऱ्याला डीसी १० चा डेक्स्टेरिटी सेव्ह (फाशावर चपळाईचे गुण धरून निदान १० यायला हवेत), फेल झाला की आडवा. झालं की काम! तोच नियम तेलाला लावा, गॉब्लिनचे सेव्ह रोल करा, पुढे चला. दोन मिनिटांच्या वर पुस्तक चाळायचं नाही. दोन मिनिटांत नाही सापडलं तर तुम्ही ठरवा, आणि कुणाचं कॅरेक्टर मरणार असेल तर शंकेचा फायदा प्लेयरला द्या. वहीत एक ओळ लिहून ठेवा, "जिना, तेल, डीसी १०", घरी जाऊन नीट वाचा.

आता महत्त्वाचं, हा निर्णय होता. नियम नाही. कारण तेलाची बाटली १ सिल्व्हरला मिळते आणि छर्ऱ्यांची पिशवी १ गोल्डला, म्हणजे दहापट. "आपल्याकडे तेलावरून कायम घसरतात" असं जाहीर केलंत तर छर्रे कुणी घेणारच नाही आणि पुढच्या सेशनला प्रत्येकाच्या पाठीवर वीस बाटल्या असतील, प्लेयर लोकांना मी ओळखतो. हे टेबलवर मोठ्याने बोला, की बाबा आज जमलं, जिना होता, ते पळत होते, पुढच्या वेळेस परिस्थिती बघून. समजूतदार माणूस ऐकतो. जो ऐकत नाही त्याच्यासाठी खाली लिहिलंय.

हाऊस रूल करण्याआधी: बिल कुणाच्या नावावर फाटतंय?

मला स्वतःला सगळ्यात जास्त काळ डोक्यात गेलेला हाऊस रूल म्हणजे फंबल. अटॅकला १ पडला की तलवार हातातून सुटते, किंवा मित्रालाच लागते, मग सगळे हसतात. पहिल्यांदा खरंच मजा येते. पण आकडे मांडून बघा. पुस्तकाप्रमाणे १ पडला तर फक्त वार चुकतो. डी२० (वीस बाजूंचा फासा) वर १ पडायची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलचा फायटर (तलवारबाज योद्धा) एका टर्नमध्ये दोन वार करतो, म्हणजे दर टर्नला जवळपास १० टक्के वेळा त्याची फजिती. अकराव्या लेव्हलला तीन वार, १४ टक्क्यांच्या पुढे. विसाव्या लेव्हलला चार वार, साडेअठरा टक्के. म्हणजे राज्यातला सर्वोत्तम योद्धा दर पाच-सहा टर्नला एकदा स्वतःच्या पायावर तलवार पाडून घेतो, आणि तो जितका शिकेल तितका जास्त पाडेल! आणि विझर्ड, म्हणजे जादूगार? तो फायरबॉल टाकतो, त्यात त्याला डी२० टाकायचाच नसतो, सेव्ह समोरचा करतो. त्याच्या नावावर बिल शून्य. आधीच विझर्ड मोठ्या लेव्हलला फायटरच्या पुढे निघून जातो, त्यात तुम्ही त्याला वरून बक्षीस दिलंत.

म्हणून कुठलाही नियम डोक्यात आला की एक कागद घ्या, टेबलवरच्या प्रत्येक कॅरेक्टरचं नाव लिहा आणि पुढे लिहा, याला काय मिळणार, याचं काय जाणार. एकाच्याच नावापुढे सगळी वजाबाकी आली तर तो नियम टाका, किंवा निदान त्या माणसाला आधी विचारा.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं, म्हणजे न कळता केलेली काटछाट. रोग (rogue) क्लास आहे ना, चोर-गुप्तहेर टाइप, त्याचा स्नीक अटॅक, म्हणजे मोका साधून केलेलं जादा डॅमेज. नवीन डीएमला पाचव्या लेव्हलला मूठभर फासे पडताना दिसतात, ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) जादा, तेही जवळजवळ प्रत्येक टर्नला, आणि त्याला वाटतं हे फारच होतंय, मग तो म्हणतो "लपलेला असशील तरच". पुस्तकात अशी अट नाहीये, अ‍ॅडव्हान्टेज असेल (दोन डी२० टाकून मोठा धरायचा) किंवा आपला एखादा सोबती शत्रूच्या पाच फुटांत असेल तरी पुरतं (फिनेस, म्हणजे चपळाईने चालवायचं, किंवा लांबून मारायचं हत्यार हवं, टर्नला एकदाच). हिशोब करू. रोग एक वार करतो, शॉर्टस्वर्ड १डी६ चे सरासरी साडेतीन, अधिक अंगच्या गुणाचे ४, अधिक स्नीकचे साडेदहा, एकूण १८. त्याच लेव्हलचा फायटर ग्रेटस्वर्डने दोन वार, प्रत्येकी ७ अधिक ४, एकूण २२. म्हणजे सगळं लागलं तरी रोग मागेच. त्याचा स्नीक अटॅक काढलात तर साडेसात राहतात, मग त्या प्लेयरने काय करायचं, टेबलवर बसून चिवडा खायचा?

तर हे लक्षात ठेवा, जो नियम खटकतोय तो कमीत कमी एका छोट्या आर्कपुरता (कथेच्या एका टप्प्यापुरता) तरी जसाच्या तसा खेळा. बरेच नियम एकेकटे विचित्र दिसतात आणि दुसऱ्याच्या जोडीने बरोबर बसतात. फ्लँकिंगचं तसंच आहे, २०१४ च्या गाईडमध्ये तो ऐच्छिक नियम होता, दोघांनी दोन बाजूंनी घेरलं की अ‍ॅडव्हान्टेज. छान वाटतो. पण अ‍ॅडव्हान्टेज साठत नाही, दोन कारणांनी मिळालं तरी फासे दोनच. मग बार्बेरियन (रानटी योद्धा) जो स्वतःला उघडं पाडून रेकलेस अटॅकने अ‍ॅडव्हान्टेज मिळवतो ते नुसतं दोन पावलं बाजूला सरकून सगळ्यांना मिळायला लागतं. त्याची खासियत गेली. शिवाय लांडग्यांचं पॅक टॅक्टिक्सही (सोबती जवळ असला की मिळणारा तोच फायदा) फुकट गेलं, पण लांडगे तक्रार करत नाहीत.

राक्षसांनाही तोच नियम

क्रिटिकलचं, म्हणजे वर्मी बसलेल्या वाराचं बघा. पुस्तकाप्रमाणे २० पडला की डॅमेजचे फासे दुप्पट टाकायचे, मॉडिफायर (वरून मिळवायचा ठरलेला आकडा) एकदाच. यात कधीकधी सगळे १ आणि २ पडतात आणि हिरमोड होतो, म्हणून एक लाडका हाऊस रूल आहे: फाशांचा एक संच पूर्ण, म्हणजे मोठ्यात मोठ्या आकड्याने, धरायचा आणि दुसरा रोल करायचा. ग्रेटस्वर्डला पुस्तकाप्रमाणे सरासरी १४, या नियमाने १९. सगळे खूश. आता गॉब्लिनच्या हातात द्या. साधा गॉब्लिन १डी६ अधिक २ मारतो. पुस्तकाप्रमाणे क्रिट २डी६ अधिक २. पहिल्या लेव्हलचा विझर्ड, ८ हिट पॉइंट, तो चारातून एकदा तरी उभा राहतो. हाऊस रूलने कमीत कमी डॅमेजच ९. म्हणजे गॉब्लिनला २० पडला की विझर्ड आडवा, दर वेळेस, रोल करायचीही गरज नाही.

मग "फक्त प्लेयरना लागू" असं करायचं का? करू शकता, पण उघड सांगून करा. मी स्वतः तिसऱ्या लेव्हलपर्यंत क्रिट पुस्तकाप्रमाणेच ठेवतो आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना जादा लावतो, कारण तोवर सगळ्यांच्या अंगात थोडं रक्त साठलेलं असतं. हा माझा आवडीचा भाग, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

जिथे बदल खरोखर लागतो

आता असं वाटेल की हा माणूस पुस्तकाचा भक्त आहे. नाही. विश्रांतीचे नियम घ्या. २०१४ च्या गाईडचा हिशोब असा की एका दिवसात पार्टीच्या सहा ते आठ झटापटी होतात, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती), रात्री लाँग रेस्ट (पूर्ण झोप). कोण खेळतं असं? शनिवारी रात्री ऑनलाइन तीन तास मिळतात, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत नुकताच उठलेला, एकाचं बाळ रडतंय, त्यात एक झटापट झाली तरी खूप. मग कथेतल्या एका दिवसाला एकच लढाई होते, विझर्ड सगळे मोठे स्पेल तिथेच ओततो, झोपतो, सकाळी परत ताजा. वॉरलॉकचे (हाही जादूगारच) स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात, त्याचा सगळा फायदाच त्यात, आणि शॉर्ट रेस्ट कुणी घेतच नाही. इथे पुस्तकाप्रमाणे खेळणं म्हणजेच अन्याय आहे.

उपाय पुस्तकातच ठेवलाय, आठ तासांची झोप म्हणजे शॉर्ट रेस्ट आणि लाँग रेस्टला सात दिवस. प्रवासाच्या, जंगलातल्या, राजकारणाच्या कॅम्पेनला हे झकास बसतं. तळघरात उतरून पाच खोल्या साफ करायच्या असतील तर अजिबात नको. आणि लावलंत तर ज्या स्पेलची मुदत आठ तास किंवा चोवीस तास आहे त्यांचं काय ते आधी ठरवा, मेज आर्मर (आठ तास टिकणारं जादूचं चिलखत) टाकणारा विचारणारच आहे.

मरणाचंही थोडं तसंच. शून्यावर पडलेल्याला लांबून हीलिंग वर्ड (जखमा भरणारा मंत्र), तो उठतो, एक वार करतो, परत पडतो, परत हीलिंग वर्ड. दिसायला हास्यास्पद. लोक मग "शून्यावर पडलास की एक लेव्हल थकवा" असा नियम लावतात. कल्पना चांगली, पण परत कागद काढा, पडतो कोण? पुढे उभा राहणारा. २०१४ मध्ये तिसऱ्या पातळीच्या थकव्याला सगळ्या अटॅकवर आणि सेव्हवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन डी२०, लहान धरायचा), सहाव्याला सरळ मृत्यू, आणि पूर्ण रात्र झोपून एकच पातळी उतरते. म्हणजे तो जितका पडेल तितका जास्त पडणार. मी हा लावायचाच झाला तर दुसऱ्यांदा पडल्यापासून लावतो, पहिली वेळ माफ.

नियम आणायचा कसा

दोन सेशनच्या मधे. सेशन चालू असताना कधीच नाही, आणि कुणाच्या चांगल्या खेळीनंतर लगेच तर मुळीच नाही, कारण ती शिक्षाच वाटते. ग्रुपवर लिहून टाका, काय खटकतंय ते आधी, उपाय नंतर. बऱ्याचदा नुसतं काय खटकतंय ते लिहिलं की कुणीतरी म्हणतं "अरे, पण हे तर पुस्तकात आहे" आणि प्रश्नच मिटतो. उपायाला मुदत घाला, तीन सेशन, मग परत मत. मुदत घातली की विरोध करणाराही म्हणतो चला बघू. आमच्या हाऊस रूलच्या पानावरची एक ओळ नमुना म्हणून देतो:

"पोशन स्वतः प्यायली तर बोनस अ‍ॅक्शन, दुसऱ्याला पाजली तर अ‍ॅक्शन. कारण: लढाईत कुणी पोशन वापरतच नव्हतं. शत्रूंनाही लागू. दिवाळीनंतर परत बघू."

एवढंच. काय, का, कुणाला, कधीपर्यंत. आता वर ज्याचा उल्लेख केला तो माणूस, जो म्हणतो "मागच्या वेळी तर चाललं होतं", त्याला हे पान दाखवायचं. पानावर नाही म्हणजे नियम नाही, पुस्तक लागू. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आणि लपवून काही नको. पडद्यामागे फासे फिरवून आकडा बदलणं हासुद्धा हाऊस रूलच, फक्त एका माणसाला माहीत असलेला. काही जुने डीएम याचं समर्थन करतात, मला पटत नाही. प्लेयरना एकदा वास लागला की पुढचा प्रत्येक थरार पातळ होतो. मोठ्या लढाईत मी सगळ्यांसमोर रोल करतो.

कधी अजिबात हात लावायचा नाही

अ‍ॅडव्हेंचरर्स लीगसारख्या ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये खेळत असाल तर प्रश्नच नाही, तिथे एका टेबलवरचं कॅरेक्टर दुसऱ्या शहरातल्या टेबलवर जातं म्हणून नियम एकच हवेत. हा झगडा जुनाच आहे. १९७४ च्या पहिल्या तीन पुस्तिकांमध्ये इतक्या फटी होत्या की स्वतः काही भरल्याशिवाय खेळच व्हायचा नाही, प्रत्येक गावचा खेळ वेगळा. मग स्पर्धा सुरू झाल्या आणि गॅरी गायगॅक्सला (खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक) सगळीकडे एकसारखं हवं झालं, १९७७ ते १९७९ मध्ये आलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या जाडजूड पुस्तकांमागे तेही एक कारण होतं.

पाथफाइंडरची (डी अँड डी चा भाऊबंद खेळ) दुसरी आवृत्ती खेळत असाल तरी जपून. तिथे डीसीपेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल, त्यामुळे "चल तुला आणखी +२ देतो" हे डी अँड डी मध्ये किरकोळ असलं तरी तिथे चुकण्याची आणि क्रिटची दोन्ही गणितं हलवतं. आणि तुम्ही डी अँड डी बियाँड किंवा रोल२० या साइटवर खेळत असाल तर आधी बघा की तो बदल कॅरेक्टरच्या शीटमध्ये बसतो का. नाही बसला तर प्रत्येक वेळी कुणीतरी हाताने बेरीज करणार, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच.

नवीन प्लेयर मधेच आला तर हाऊस रूलचं पान त्याला कॅरेक्टर बनवायच्या आधी द्या, नंतर नाही. आणि चालू कॅम्पेनमध्ये एखाद्या नियमामुळे कुणाची मुख्य ताकद गेली तर त्याला फुकटात क्लास किंवा स्पेल बदलू द्या, कथेत कारण शोधत बसू नका.

तुमचं पान दीड-दोन पानं झालं असेल, जादू काढली, हिट पॉइंट कमी केले, विश्रांती बदलली, जखमांचे तक्ते घातले, तर थांबून बघा तुम्हाला कुठला खेळ हवाय. भीती आणि साधी माणसं हवी असतील तर कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ १९८१ पासून आहे, त्यात कॅरेक्टरला आयुष्यभर दहा-बारा हिट पॉइंटच असतात आणि डी१०० वर चालतं. त्याची क्विकस्टार्ट पीडीएफ फुकट मिळते. एखाद्या शनिवारी वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी कथा) लावा, डीएमलाही तेवढाच आराम.